अंगठेबहाद्दराचा वस्तरा

ज्याला सही येत नाही, जो कागदावर अंगठा उठवतो, त्याला लोक अंगठेबहाद्दर म्हणतात. ह्या न्हाव्याला सही येत होती, चांगली झोकदार येत होती. दुकानाची पाटीसुद्धा ह्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली. तरी समोरच्या शिंप्यानं त्याला अंगठेबहाद्दर हे नाव ठेवलं, गल्लीनं ते उचललं, आणि पुढे दाढीला येणाऱ्या माणसांना त्याचं खरं नाव सांगितलं तर ती म्हणायची, कोण हो हा?

नावाचं कारण एवढंच की वस्तऱ्याची धार तो अंगठ्यानं बघायचा. बाकीचे कुणी डोक्यावरचा केस उपटून धारेवर सोडतात, कुणी मनगटावरची लव उडवून बघतात. ह्याला त्या सगळ्याचा राग. "केस काय, घासलेल्या पत्र्यानंपण तुटतो!" असं म्हणून तो वस्तरा डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्याचं पेर धारेवर आडवं टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आडवंच, बरं का. धारेच्या लांबीनं सरकवलं की पेर गेलं म्हणून समजा. दोन क्षण तसाच उभा राहायचा आणि मग निकाल द्यायचा. धार पेराला हलकेच धरून राहिली की "बोलतोय". नुसती घसरली की "गप्प आहे". आणि खरखरली की "कुरकुरतोय".

ह्यातलं कुरकुरणं सगळ्यांत वाईट. वस्तरा दगडावर नको तितका घासला की धारेच्या कडेला पोलादाचं बारीक कुसळ उभं राहतं. डोळ्याला दिसत नाही. केस छान कापतं, म्हणून केसावर बघणारे हमखास फसतात. मानेवर गेलं की मात्र ते कातडी ओरबाडतं. आसपासच्या दुकानांतले कारागीर आपले वस्तरे रुमालात गुंडाळून ह्याच्याकडे आणायचे ते ह्या कुसळासाठीच. आता बहुतेकांनी एका दाढीनंतर टाकून द्यायची ब्लेडची अर्धी पाती घेतली, पण हा आपला जुन्या वस्तऱ्यांना धरून. जित्याची खोड!

ह्या दुकानात अंगठा मागून मिळत नसे. ह्याच्या वडिलांनी ह्याला नऊ वर्षं दगडावर घासायला लावलं, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा ओढायला लावलं, पण धारेला अंगठा लावू दिला नाही. मग एका सकाळी वस्तरा पुढे करून म्हणाले, "आज तू बघ." बस, एवढंच. त्या दिवशी हा घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, "मला अंगठा मिळाला," आणि ती बिचारी, लग्नाला जेमतेम महिना झालेला, घाबरून त्याचा हात उलटसुलट करून बघत बसली होती.

आता दुकानात ह्याच्यासोबत धाकटी मुलगी असायची. थोरली लग्न होऊन लांब गेली. धाकटीनं मात्र शिक्षण झाल्यावर स्वतःहून ब्रश उचलला. हात गोड होता तिचा. गिऱ्हाईक खुर्चीत झोपी जायचं. पण रोज सकाळी तिनं धार लावलेले वस्तरे ती बापापुढे ठेवायची आणि बाप अंगठ्यानं बघायचा. तिला स्वतःला केसावर बघायची परवानगी. अंगठ्याची नाही. चार वर्षं झाली होती.

तर गेल्या तीन महिन्यांत काय झालं कोण जाणे, दुकानातले सगळे वस्तरे गप्प झाले.

एकूणएक! धाकटीनं पाच वस्तरे पुढे ठेवावेत आणि ह्यानं पाचही मागे सारावेत. "गप्प आहे. परत. हाही परत. अगं, करतेस काय तिकडे बसून, पोळ्या लाटतेस का?" पहिल्यांदा त्यानं पोरीला दोष दिला. मग दगडाला. नवा दगड आणला, मग तोही भिकार ठरला. मग चामड्याचा पट्टा. "हल्लीच्या जनावरांची कातडीच तसली," म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! हाताला अधूनमधून मुंग्या येत होत्या, तो हात झटकायचा आणि कामाला लागायचा. एका हाताच्या मुंग्या आणि एका दुकानाचे गप्प वस्तरे ह्यांचा काही संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

धाकटी आधी भांडली, मग गप्प झाली, आणि एका दुपारी तिनं आईला सांगितलं की माझ्या हातात ही विद्या नाही, मी दुसरं काम बघते. औषधाच्या कारखान्यात डबे भरायचं काम होतं. सोमवारी ती जाणार होती. बापाला हे कळलं होतं, आणि तो एक शब्द बोलला नव्हता. काय बोलणार? त्याच्या अंगठ्यानं तेच सांगितलं होतं ना!

त्यात गेल्या शनिवारी सरांना कापलं.

सर म्हणजे ह्याच्या लहानपणीचे मास्तर. ह्याला गणितात दोनदा नापास करणारे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. डॉक्टरनं सांगितलं होतं, सरांच्या बायकोनं, काकूंनी, बजावलं होतं, दाढी मशीननं करा, जखम होऊ देऊ नका, रक्त थांबणार नाही. सर म्हणाले, "तीस वर्षं ह्याच हातानं केलीय. मशीन फिरवायला मी काय गवत आहे?" आणि दर शनिवारी अकराला यायचे. गेल्या शनिवारी जबड्याखाली नखाएवढं लागलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तुरटी फिरवून विषय संपला असता. सरांचं रक्त पाऊण तास वाहत राहिलं. तीन टॉवेल भिजले. हा टॉवेल दाबून धरून उभा, आणि सर त्याही स्थितीत म्हणतायत, "अरे गाढवा, उत्तर चुकलं तर चुकलं, पेपर का फाडतोस?"

बोथट वस्तराच कापतो, धारदार कापत नाही, हे ह्या धंद्यातलं पहिलं वाक्य. बोथट अडतो, माणूस जोर देतो आणि घात होतो. त्यामुळे ह्यानं हिशेब केला की वस्तरा बोथट होता, आणि मग सबंध आठवडा तो सरांसाठी ठेवलेला वस्तरा दगडावर घासत बसला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. अंगठा लावायचा, गप्प. पुन्हा घासायचा. धाकटी एकदाच म्हणाली, "बाबा, फार घासताय." तेव्हा त्यानं असं काही बघितलं की तिनं पुन्हा तोंडातून ब्र काढला नाही.

हा शनिवार उजाडला. पावणेअकरा वाजले होते. दुकानात दोघंच. धाकटीनं सकाळी लावलेला एक वस्तरा त्यानं नेहमीप्रमाणे परत पाठवला होता, आणि स्वतःचा वस्तरा पट्ट्यावर ओढून झाला होता. मागच्या बाजूला गॅसवर दाढीच्या पाण्याचं पातेलं खळखळत होतं. बोलता बोलताच त्यानं पातेल्यावरचं झाकण उचललं.

"आज सर आले की त्यांच्यासाठी नवा टॉवेल काढ. तो खालच्या कप्प्यातला. आणि काकू येणार आहेत बरोबर, शिंपी सांगत होता. त्यांना नीट बसव. काही बोलल्या तर उलट उत्तर नको. बोलणारच त्या, आपली चूक आहे..."

"बाबा! झाकण!"

"काय झाकण?"

"अहो, टाका ते! भाजतंय!"

तिनं त्याच्या हातावर फटका मारला तेव्हा झाकण खाली पडलं. झाकणाला कापड गुंडाळलेली मूठ नाही, हातात फडकं नाही, त्यानं उकळत्या पातेल्याचं झाकण उघड्या चिमटीत धरलं होतं आणि टॉवेलाविषयी बोलत होता. धाकटीनं हात ओढून पाण्याखाली धरला. अंगठ्याचं पेर पांढरंफटक पडलं होतं. कातडी सुटायला लागली होती.

"दुखत नाही?" तिनं विचारलं.

तो अंगठ्याकडे बघत राहिला. "नाही," म्हणाला.

पाणी वाहत राहिलं. मग तो एकदम म्हणाला, "तू जा, खुर्ची पूस," आणि ती जाईपर्यंत थांबला.

मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वस्तरा उघडला. डोळे मिटले. भाजलेलं पेर बाजूला ठेवून अंगठ्याची शाबूत कड त्यानं आधी वस्तऱ्याच्या पाठीला टेकवली. पाठीला, म्हणजे जिथं वस्तरा चांगला जाड असतो, जिथं लोणीसुद्धा कापलं जाणार नाही, तिथं. मग धारेला टेकवली. मग पुन्हा पाठीला.

सारखीच!

पाठ आणि धार, दोन्ही सारखीच. त्यानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं बघितलं, पण त्या अंगठ्याला काय कळणार, तो आयुष्यभर नुसता गाल ताणायला वापरलेला. पुन्हा उजवा. काही नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण त्यानं शेकडो वेळा गिऱ्हाइकांना ऐकवली होती. तीन महिने हातात मुसळ घेऊन तो दगडाला, पट्ट्याला आणि पोटच्या पोरीला शिव्या देत होता.

बाहेर पायरीवर काठी वाजली. टक्. टक्.

"आहे का रे तो जल्लाद?" सरांचा आवाज.

सांगायचं? आत्ता? काकूंसमोर? गल्ली हसेल त्याचं नाही, पण ज्याचा अंगठा गेला तो कुठल्या तोंडानं वस्तरा धरणार? हे दुकान, ही पाटी, वडील, सगळं ह्या एका पेरावर उभं होतं. तो बाहेर आला तेव्हा त्यानं भाजलेला अंगठा मुठीत लपवला होता.

सर खुर्चीत बसले. काकू बाकावर बसल्या, अगदी समोर, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवी उघडून त्यांनी चार नॅपकिन बाकावर ओळीनं मांडले.

"चार आणलेत," त्या म्हणाल्या. "एकालाही हात लावायची वेळ आणू नकोस. मी काही बोलत नाही. ह्यांना सांगून थकले मी. हा शेवटचा शनिवार, एवढं लक्षात ठेव."

"बसा काकू," तो म्हणाला. त्या बसलेल्याच होत्या.

धाकटीनं फेस लावला. तिचे डोळे बापाच्या मुठीवर. सरांची मान मागे टेकली, गळा वर आला. फेसाखाली शीर उडत होती, स्पष्ट दिसत होती. जबड्याखाली गेल्या शनिवारची खपली, अजून काळपट. त्यानं वस्तरा उचलला. त्याचाच, आठवडाभर घासलेला. हातात धार आहे की कुसळ आहे, त्याला माहीत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हजारो गळ्यांवरून हात फिरलेला, आणि त्याला माहीत नव्हतं! धाकटी म्हणाली होती, फार घासताय. धाकटी म्हणाली होती.

वस्तरा गळ्यापासून दोन बोटांवर आला. सरांनी डोळे मिटले होते. ह्या म्हाताऱ्यानं विश्वासानं डोळे मिटले आणि ह्यानं वस्तरा मागे घेतला.

"सर," तो म्हणाला, "उठा."

"अरे, फेस लावलाय."

"उठा म्हणतो ना! काकूंजवळ बसा दोन मिनिटं."

काकू ताडकन उभ्या राहिल्या. "आता काय झालं?"

तो उत्तर न देता स्वतः खुर्चीत बसला. ज्या खुर्चीत तो कधी, अगदी दुपारी दुकान रिकामं असतानाही बसला नव्हता, त्या खुर्चीत त्यानं मान टेकवली. दोन दिवसांची दाढी होती त्याला. दिव्याखाली अंधार. "फेस लाव," तो धाकटीला म्हणाला. "आणि हा घे, माझा. उजव्या गालावर चालव."

"बाबा, पण..."

"चालव!"

तिनं फेस लावला. वस्तरा घेतला. कानाच्या पाळीपासून खाली एक ओढ घेतली. चार बोटं अंतर गेलं असेल नसेल, सुकं पान फाटावं तसा आवाज आला. त्याच्या गालानं सांगितलं. अंगठा मेला होता, गाल जिवंत होता. आग झाली. पांढऱ्या फेसात बारीक लाल ठिपक्यांची ओळ उमटली.

सरांनी ते बघितलं. काकूंनीही बघितलं आणि हात नकळत नवऱ्याच्या गळ्याकडे नेला.

"कुसळ आहे," तो छताकडे बघत म्हणाला. "हा आत्ता तुमच्या मानेवर चालला असता, सर." मग धाकटीला म्हणाला, "आता तुझा आण."

"कुठला माझा?"

"सकाळी मी परत पाठवला तो."

"तो तर तुम्ही गप्प आहे म्हणालात."

"मी काय म्हणालो ते सोड ग! आण तो."

तिनं आणला. डाव्या गालावर ठेवला. त्यानं डोळे मिटले, जसे तो अंगठा लावताना मिटायचा तसेच. वस्तरा निघाला आणि गालावरून उतरला, आणि दाढी गेली हे त्याला फक्त मागाहून लागलेल्या गार हवेनं कळलं. दुसरी ओढ. तिसरी. जबड्याच्या वळणावर, जिथं नेहमी अडतं, तिथंही अडला नाही. ह्या पोरीचा हात असा आहे हे त्याला चार वर्षांत पहिल्यांदा कळत होतं, कारण हा हात त्यानं कधी स्वतःच्या गालावर फिरवून घेतलाच नव्हता. त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानात गेलं.

"बोलतोय," तो म्हणाला.

मग त्यानं उठून सगळ्यांसमोर मूठ उघडली. "माझा अंगठा गेला, काकू. तीन महिने झाले असतील. मला आज कळलं. गेल्या शनिवारी सरांना मी कापलं ते वस्तरा बोथट होता म्हणून नाही. मला काहीच कळत नव्हतं म्हणून. दाढी आता ही करेल, तुमची हरकत नसेल तर. नाहीतर मशीन लावा. पण मी नाही करणार."

काकू धाकटीकडे बघत राहिल्या. "हिनं कधी ह्यांची केलीय?"

"नाही."

"मग आजच कशाला प्रयोग?"

सर काठी टेकत पुन्हा खुर्चीकडे निघाले होते. चेहऱ्यावर अर्धा सुकलेला फेस. "ह्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पेपर स्वतः तपासला आणि खरे मार्क दिले," ते म्हणाले. "आता मी उठून जाऊ? चल ग पोरी. नवा फेस लाव."

तिनं नवा फेस लावला. तुरटी हातात धरून अंगठेबहाद्दर खुर्चीच्या मागे उभा राहिला आणि आरशात बघू लागला. दुकानात फक्त वस्तऱ्याचा आवाज. गाल झाला. दुसरा गाल झाला. मग मान. खपलीपाशी ती थांबली, डाव्या हाताच्या बोटानं कातडी किंचित खाली ताणली, खपलीला वळसा घालून गेली. शीर उडतच होती. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला तो बापानं आपल्या बाहीनं टिपला, सरांवर पडायच्या आत. काकूंनी एक नॅपकिन उचलून मुठीत आवळून धरला होता. शेवटची ओढ हनुवटीखालून वर आली, आणि तिनं वस्तरा बाजूला केला.

एक थेंब नाही.

सरांनी गळ्यावरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. "मला झोप लागत होती," ते म्हणाले. काकूंनी नॅपकिन मोजून पिशवीत टाकले. जाताना दारात थांबून त्या धाकटीला म्हणाल्या, "शनिवारी अकराला. तू असशील ना?"

धाकटीनं वस्तरा पुसायला पाठ वळवली. काठी पायऱ्या उतरून गेली, समोर शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं, तरी ती पाठमोरी उभी होती. मग वळली. डोळे लाल.

"म्हणजे तीन महिने मी लावलेले सगळे..."

"सगळे बोलत असतील," तो म्हणाला.

"असतील? रोज पाच वस्तरे! मी रात्र रात्र झोपले नाही, बाबा. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले की माझ्या हातातच काही नाही. सोमवारी डबे भरायला निघाले होते मी! आणि तुम्ही एकदाही, एकदाही नाही विचारलंत?"

"नाही विचारलं."

"का?"

"अंगठा चुकेल असं वाटलंच नाही कधी." तो बाकावर बसला, जिथं काकू बसल्या होत्या. अर्धी दाढी झालेली, एका गालावर रक्ताची ओळ सुकलेली. "चूक माझी आहे. मोठी आहे. शिव्या दे हव्या तर."

तिनं शिव्या दिल्या नाहीत. बाहीला नाक पुसलं. मग त्यानं हात लांब करून फळीवरचा आपला वस्तरा उचलला, तोच, आठवडाभर घासलेला. उघडला आणि मूठ पुढे करून तिच्यासमोर धरला.

"आज तू बघ," तो म्हणाला.

तिला कळायला क्षण लागला. आजोबांच्या त्या सकाळची गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकली होती. तिनं हात कपड्याला पुसला, वस्तरा डाव्या हातात घेतला आणि उजव्या अंगठ्याचं पेर धारेवर आणलं.

"आडवं," तो घाईनं म्हणाला. "सरकवू नको."

"माहितेय."

डोळे मिटून ती उभी राहिली. दोन क्षण झाले, तीन झाले. बाप तिच्या तोंडाकडे बघत होता, गणिताचा निकाल ऐकायला उभा राहायचा तसा.

तिनं डोळे उघडले, वस्तरा मिटला आणि त्याच्या हातात दिला.

"कुरकुरतोय," ती म्हणाली. "परत."

तो उठला आणि वस्तरा घेऊन मागे दगडाकडे गेला.